हिवाळ्याची बेगमी

कोंकणांत आगोटीपूर्वीं सरपणाची बेगमी करितात. नॉर्वेंतील शेतकरी ती हिवाळ्यासाठीं करितो. तेथें लांकूड घर उबदार ठेवण्यास लागतें, व त्याची तयारी आदल्या हिवाळ्याच्या अखेरीसच सुरू होते. पालवी फुटण्यापूर्वीं बर्चचें झाड तोडून तें लागलींच फोडतात. कारण बर्चची साल आंतील ओल सहसा बाहेर जाऊं देत नाहीं. ओल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्में पाणी असतें. तें शेंकडा २० च्या आंत आलें म्हणजे लांकूड जाळण्यायोग्य झालें. यासाठीं रास जमिनीपासून उंच, वाऱ्याच्या वाटेवर रचावी. वरून झांकावी, पण बाजू मोकळ्या ठेवाव्या. दोन लांकडें एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज आला, कीं तीं वाळलीं असें समजावें. घाईनें ओलें लांकूड जाळल्यास बरीच उष्णता पाणी आटविण्यांतच खर्ची पडते आणि धुराड्यांत डांबरासारखें किटण सांचतें. तें पेटलें, तर लांकडी घरावरच संकट ओढवतें.

फेब्रुवारी २०१३ मध्यें तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीनें सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम दाखविला, तेव्हां रचतांना साल वर असावी कीं खालीं, यावरून प्रेक्षकांत वाद माजला! सालीचें कांहींही असो. उन्हाळ्यांत वाळलेलें लांकूडच पौषांत घरास ऊब देतें, हें मात्र निर्विवाद.