गेट आतून उघडतं का?

लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात नीट-जेईईसाठी आलेली मुलं ज्या इमारतींत राहतात, त्यांतल्या कितीतरी मुळात एका कुटुंबासाठी बांधलेल्या. एकच जिना, जिन्याखाली मीटरच्या पेट्या, पेट्यांना खेटून दुचाकी, खिडक्यांना पक्के गज आणि रात्री चॅनल गेटला कुलूप. अशा इमारतीची आगीच्या दृष्टीने तपासणी म्हणजे भिंतीवरचा लाल सिलिंडर मोजणं, असं समजलं जातं. माझ्या मते आधी जिना आणि गेट तपासायला हवं. मीटरपाशी ठिणगी पडली तर वायरींचा आणि पेट्रोलचा धूर जिन्यातूनच वर चढतो, म्हणजे पळायची वाट सर्वांत आधी बंद होते. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या मुलाला जाग येईलच असं नाही. सिलिंडर उपयोगी पडतो तो जागं असलेल्याला, आग लहान असताना.

सुरतच्या तक्षशिला आर्केड या इमारतीत २४ मे २०१९ रोजी लागलेल्या आगीत २२ जीव गेले. जिन्याची वाट बंद झाल्याने तिथल्या क्लासमधल्या मुलांनी वरून उड्या टाकल्या. दिल्लीच्या मुखर्जीनगरात जून २०२३ मध्ये मीटरपाशी आग लागली आणि क्लासमधली मुलं खिडकीतून वायरींना धरून उतरली. तिथे गज असते तर? चंडीगडच्या एका पीजीत फेब्रुवारी २०२० मध्ये आगीत तीन मुली दगावल्या. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याने जबाबदारी इमारतीच्या मालकावर, तो सापडत नसेल तर वापरणाऱ्यावर टाकली आहे. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी-जुलैत घ्यावं लागतं. बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते.

मालक म्हणतात, कुलूप पालकांनाच हवं असतं, विशेषतः मुलींच्या बाबतीत. ही काळजी खरी आहे आणि ती झटकून चालणार नाही. पण बाहेरून न उघडणारी आणि आतून दांडा दाबताच उघडणारी कडी मिळते. तिला घंटा जोडली की रात्री कोण बाहेर पडलं हेही कळतं. खर्चाने भाडं वाढेल, हा दुसरा आक्षेप. दुसरा जिना महाग आहे, हे मान्य. मात्र दुचाकी जिन्याखालून हलवायला, प्रत्येक मजल्यावर एका खिडकीचे गज बिजागरीवर बसवायला आणि धुराची सूचना देणारं यंत्र लावायला इमारत पाडावी लागत नाही. जूनमध्ये खोली बघायला येणारे पालक मेसची भाजी चाखून बघतात. त्याच वेळी गेट लावून घेऊन ते आतून किल्लीशिवाय उघडतं का, हेही मुलाकडूनच करवून पाहावं.