आजारपणाचा हिशेब – भाग ५ : पिशवीतलं रेशनकार्ड

परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसं बसलेली दिसतात. काखेत प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत केसपेपर, बायोप्सीचा रिपोर्ट आणि घडीवर विरत चाललेलं रेशनकार्ड. गेल्या भागात निदानाच्या तपासण्या पाहिल्या. घराची घडी विस्कटवणारे पैशाचे निर्णय त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत होतात, आणि बहुधा उलट्या क्रमाने.

आधी मुदतठेव मोडते, मग सोनं गहाण पडतं, मग शेत विकायचा विषय निघतो. रेशनकार्ड बाहेर येतं ते शेवटी. खरं तर ते सगळ्यांत आधी दाखवायचं. कारण त्याच्या आधारे मिळणाऱ्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पूर्वी ते दीड लाखाचं होतं. पण ही योजना कॅशलेस आहे, उपचारांना आधी मंजुरी लागते. खिशातून पैसे भरायचे आणि मग बिलं दाखवून परत मागायचे, असं इथे चालत नाही. म्हणून ॲडव्हान्स भरण्याआधी हॉस्पिटलात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला गाठायचं आणि विचारायचं, हे ऑपरेशन योजनेत बसतं का? या हॉस्पिटलात बसत नसेल, तर कुठे?

मेडिक्लेम घेतलेल्यांची चूक कित्येक वर्षं आधीच झालेली असते. ‘शुगर कशाला लिहिता, हप्ता वाढेल,’ असं कुणीतरी सुचवतं आणि फॉर्मवरचा तो रकाना कोरा राहतो. किडनी बिघडल्यावर तोच रकाना क्लेमच्या आड येतो. २०२४च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. पूर्वी ४ लागायची. तीन वर्षं थांबणं परवडतं, लपवणं नाही.

एक खर्च मात्र कुठल्याच बिलात येत नाही: सोबतीच्या माणसाचा. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला सुमारे चार तास. जाणं-येणं धरलं की दिवस संपला. मुलाची मजुरी बुडते. नोकरी सोडायची वेळ आली की बहुतेक घरांत बाईच सोडते, आणि तिचा पगार थांबतो तसा तिचा पीएफही. आजारी माणूस बरा झाला तरी तिच्या म्हातारपणातली ती तूट भरून निघत नाही.

पैशाच्या कागदांसारखाच आणखी एक कागद वेळेत करायचा असतो. टाटापासून हाकेच्या अंतरावर केईएम. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, हे सांगणं त्यांच्या हाती उरलं नव्हतं. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली; २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. मात्र तो कागद स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना करावा लागतो.

येत्या रविवारी रेशनकार्ड आणि पॉलिसी शोधून काढा, आणि ती कुठे ठेवली आहेत हे घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.