गॅसची नळी

मानोरा हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवतालचा मुलूख कपाशीचा आणि तुरीचा. तेथे पिढ्यान् पिढ्या मातीच्या चुली पेटत आल्या. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या हे त्या चुलींचे सरपण. चुलीत सरपण आणि जाळ एकाच जागी असतात. आता घरोघरी गॅसची शेगडी आली आहे. हिची रीत निराळी. हिचे सरपण पोलादी टाकीत असते आणि जाळ हातभर दूर, शेगडीवर असतो. दोहोंना जोडते ती एक नळी. टाकी पोलादाची, शेगडीही धातूची. सर्वांत नाजूक भाग काय तो ही नळीच. म्हणून ती कशाची असावी, हा प्रश्न घरातील माणसांच्या जिवाशी निगडित आहे.

टाकीत प्रोपेन व ब्यूटेन हे वायू दाबाखाली द्रवरूप करून भरलेले असतात. घरगुती टाकीत त्यांचे वजन १४.२ किलोग्रॅम असते. टाकीवरील रेग्युलेटर दाब कमी करून वायू नळीत सोडतो. हा वायू हवेहून जड आहे. नळीतून तो निसटला तर उंच न जाता जमिनीलगत साचतो. शंभर भाग हवेत त्याचे दोनच भाग मिसळले, तरी ठिणगी पडताच भडका उडतो. या वायूला स्वतःचा वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र दर्प मिसळलेला असतो.

नळी निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. आतील वायू तिला बाधतो काय? बाहेरची उष्णता ती सोसते काय? आणि तिला वाकावे लागते काय?

प्रथम वायूचा विचार करू. रॉकेलात पडलेले साधे रबर फुगते आणि पिलपिलीत होते, कारण रॉकेल त्यात शिरते. रॉकेल आणि हा वायू, दोघेही खनिज तेलाच्याच कुळातले. त्यामुळे साध्या रबराची नळी गॅसला चालत नाही. बागेला पाणी घालण्याची प्लॅस्टिकची नळीही चालत नाही. ती काही काळाने कडक होते व तडकते. गॅसच्या नळीसाठी तेलाला दाद न देणारे कृत्रिम रबर वापरतात. चांगल्या नळीत रबराच्या थरांमध्ये पोलादी तारेचे वेष्टन असते. ते उंदराच्या दातांपासूनही नळीचे रक्षण करते. अशा नळीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण छापलेली असते.

मग सरळ तांब्याचीच नळी का लावू नये? टाकी संपली की बदलावी लागते. शेगडी पुसण्यासाठी सरकवावी लागते. तांबे वारंवार वाकवले तर ते कडक होऊन चिरते. जेथे हालचाल आहे, तेथे रबरच हवे.

जेथे नळी एकदा बसवली की हलत नाही, तेथे मात्र धातू श्रेष्ठ. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे लागले. पुढे १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने तेथील घरांत नळाने नैसर्गिक वायू पोहोचवला. अशा योजनेत एकाच वाटेवर निरनिराळ्या नळ्या लागतात. जमिनीखाली पिवळ्या पॉलिथिनची नळी घालतात, कारण ती गंजत नाही. परंतु ती उन्हाने खराब होते आणि आगीत वितळते. म्हणून इमारतीच्या भिंतीवर जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी चढवतात. घरात तांब्याची नळी फिरवतात आणि शेगडीजवळचा शेवटचा तुकडा पुन्हा रबराचा जोडतात. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी गॅसचे अग्निकुंड असते. तेथे कुंडाजवळ रबर टिकणार नाही. म्हणून नळी धातूचीच लागते. सर्व ठिकाणी उत्तम असा एकच पदार्थ नाही.

चांगली नळीही कायम टिकत नाही. दर पाच वर्षांनी ती बदलावी. ती दीड मीटरहून लांब नसावी, तिला मध्ये जोड नसावा आणि ती शेगडीच्या आचेपासून दूर असावी. ती भिंतीतून नेऊ नये अथवा झाकून ठेवू नये. डोळ्यांआड गेलेली चीर कोणाला दिसणार? गळतीचा संशय आल्यास मोठ्या माणसांनी नळीवर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर गळती निश्चित. काडी ओढून मात्र कधीही पाहू नये.

घरात गॅसचा दर्प आला तर प्रथम रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण लावू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी उडू शकते. सर्वांनी बाहेर पडावे आणि तेथून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

नळीची किंमत टाकी व शेगडी यांच्या मानाने अगदी थोडी. तरीही काटकसर करताना माणसाचा हात प्रथम तिच्याकडेच जातो. ज्या वस्तूवर साऱ्या घराची सुरक्षितता अवलंबून आहे, तेथे चार पैसे वाचवणे ही काटकसर नव्हे.