प्लेट निघण्याआधीचं पान

आश्विन लागला की मरोळच्या आमच्या छपाईपूर्व कामाच्या गाळ्यात घड्याळाकडे कुणी बघत नाही. दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा आणि कव्हर नेमके एकाच संध्याकाळी येतात. प्रेसमधून प्लेटांसाठी फोनवर फोन येतात आणि संपादकांचं अजून एक करेक्शन बाकीच असतं. अशाच एका रात्री, बऱ्याच वर्षांपूर्वी, एका अंकाचं कव्हर माझ्या हातून गेलं. गर्द तांबड्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत चार लेखकांची नावं होती. माझ्या पडद्यावर ती दिसत होती, संपादकांच्या फोनवर दिसत होती, ऑफिसच्या लेझर प्रिंटवरही उमटली होती. छापून आलेल्या कव्हरवर मात्र नुसता तांबडा रंग होता. चारही नावं गायब.

चूक शोधायला मला सकाळ झाली. ती नावं मुळात काळ्या रंगात होती आणि त्यांना ओव्हरप्रिंट लावलेला होता. काळ्या अक्षरांसाठी ही सोय मोलाची असते. तांबड्या पार्श्वभूमीत अक्षराएवढं भोक ठेवून त्यात काळं बसवलं आणि मशीनवर रंगांची जुळणी (रजिस्टर) केसभर सरकली, तरी अक्षराला पांढरी कड दिसते. म्हणून काळं सरळ वरून छापतात. आयत्या वेळी कुणीतरी रंग काळ्याचा पांढरा केला, ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली. ऑफसेटच्या चार रंगांत पांढरी शाई नसते. पांढरं अक्षर म्हणजे तिथे शाई नको, एवढाच अर्थ. त्याला ओव्हरप्रिंट लावला की प्लेटेला जाणारा हुकूम असा होतो: खालचा रंग तसाच राहू दे आणि वरून काही छापू नकोस. प्लेटेने हुकूम पाळला होता.

त्या दिवसापासून मी पडद्यावरच्या पानावर विश्वास ठेवणं सोडलं आणि त्या पानाच्या पोटातल्या प्लेटा बघायला शिकलो. ॲक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू नावाची एक खिडकी आहे. तिच्यात सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शायांसमोर चार खुणा असतात. एकेक खूण काढली की तो रंग पानावरून उतरतो. तांबड्यासाठी मॅजेंटा आणि पिवळा लागतो, तर मॅजेंटा एकटा ठेवून बघायचं. अक्षरांच्या जागी भोकं दिसली तर नावं छापली जाणार. सपाट रंग दिसला तर नाही. दहा सेकंदांचं काम आहे. ते मी त्या रात्री केलं नव्हतं.

साध्या रीडरमध्येही निम्मी राखण होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखाली ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यूची एक ओळ आहे. ती मुळात फक्त पीडीएफ-एक्स फायलींपुरती चालू असते. ती ‘नेहमी’वर ठेवली की पांढरं अक्षर तिथल्या तिथे उडालेलं दिसतं. फोनवरच्या किंवा ब्राउझरमधल्या प्रिव्ह्यूवर मात्र ओव्हरप्रिंट कळेलच याचा भरवसा नाही. आणि आज निम्म्याहून जास्त पार्ट्या ‘ओके’ कळवतात ते व्हॉट्सॲपवरच्या चित्रावरून. त्यातही एक गुंता आहे. काही रिपमध्ये, म्हणजे फाइलचे प्लेटेसाठी ठिपके करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पांढऱ्याचा ओव्हरप्रिंट आपोआप काढून टाकण्याची सोय असते, काहींमध्ये ती बंद असते. तीच फाइल घाटकोपरला बरोबर छापली जाते आणि बोरिवलीला फसते, मग दोघे प्रेसवाले एकमेकांकडे बोट दाखवतात.

ही जुनीच विद्या आहे. पॉझिटिव्ह फिल्मचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल: काचेचं टेबल, खालून ट्यूबलाइट, वर चार फिल्मा. चारही काळ्याच, कोपऱ्यावर कुठला रंग ते लिहिलेलं. पेस्टर डोळ्याला भिंग लावून एकेक फिल्म बघायचा, मग रजिस्टर मार्कांवर एकीवर एक बसवायचा. त्याला छापील पान दिसतच नसे, प्लेटाच दिसत. १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट आलं, १९८५ साली पेजमेकर, १९९३ साली पीडीएफ, आणि पुढे सीटीपीने फिल्मही काढून टाकली. फाइल सरळ प्लेटेवर उतरू लागली. पान पडद्यावर रंगीत दिसायला लागलं आणि चार फिल्मा वेगवेगळ्या बघण्याची सवय मोडली. आउटपुट प्रिव्ह्यू म्हणजे तेच काचेचं टेबल आहे.

छपाईपूर्व कामाची ही दुकानं पूर्वी गिरगाव, लोअर परळ या बाजूला दाटलेली असत. आज अंधेरी पूर्वेला मरोळ, साकीनाका, चकाला. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून भांडुप, मुलुंडपर्यंत. पश्चिमेला बोरिवली, दहिसरच्या औद्योगिक वसाहतींत तुम्हाला ती सापडतील. कांदिवलीत आकुर्ली रोडवर टाइम्स ऑफ इंडियाचा मोठा छापखाना आहे. तिथली शिस्त वेगळी, माणसं वेगळी. मी बोलतोय ते एका गाळ्याच्या दुकानांबद्दल, जिथे दोन ऑपरेटर, एक रिप आणि एक प्लेटसेटर असतो आणि सकाळी मिठाईचा खोका, दुपारी लग्नपत्रिका, रात्री दिवाळी अंक निघतो.

यातलं सगळ्यात अवघड काम मराठी मजकुराचं. सॉफ्टवेअरला न कळणाऱ्या चुका तिथे होतात.

जुन्या फाँटांची तऱ्हा तरी सरळ होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आमच्या धंद्याचं मीठ होती. त्या पद्धतीत अक्षराचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फाँट सोबत आला नाही की प्रिव्ह्यूमध्ये पानभर इंग्रजी कचरा दिसे आणि आंधळ्यालाही कळे की काहीतरी बिघडलंय. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फाँटची यादी उघडायची, प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ लिहिलंय का बघायचं, नसेल तर फाइल परत पाठवायची.

युनिकोड आलं आणि हा कचरा संपला. यात आपल्या उपनगरांचाही हात आहे. पवईच्या आयआयटीत शिकवणारे आणि नंतर जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत अक्षरांवर काम करणारे र. कृ. जोशी यांनी विंडोजमधला मंगल फाँट घडवला. मंगलमुळे साध्या संगणकावर मराठी वाचता येऊ लागली, हे उपकार मी विसरत नाही. पण चुका आता लहान झाल्या आणि लहान चूक जास्त घातक असते.

एक जवळून दाखवतो. ‘आचाऱ्यांना बोलावून लाडू वळून घेतले’ असं एका लेखात होतं. प्रिव्ह्यूमध्ये दिसलं ‘आचार्यांना बोलावून’. लाडू वळायला स्वयंपाकी आले होते, पानावर आचार्य येऊन बसले. झालं असं: हा अर्धा र, ज्याला आपण पापणीचा र म्हणतो, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहितात. एक तर नुक्ता असलेला ऱ वापरून, नाहीतर साध्या र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. मजकूर मेलमधून वर्डमध्ये, वर्डमधून कन्व्हर्टरमध्ये आणि तिथून पानावर येताना कुठेतरी अदृश्य चिन्हं ‘साफ’ केली जातात. जोडचिन्ह गळतं आणि पापणीचा रफार होतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. दोन्ही शब्द खरे आहेत, फाँट एम्बेडेड आहे, प्रीफ्लाइटची आपोआप होणारी तपासणी हिरवी खूण देते. यंत्राच्या लेखी दोष शून्य. उपाय फाइल लावतानाच करायचा: रफारवाले शब्द शोधून एकेक डोळ्याखालून घालायचे आणि जिथे पापणी हवी तिथे ऱ वापरायचा. त्याला अदृश्य चिन्हाची गरजच लागत नाही.

दुसरं नेहमीचं दुखणं इनडिझाइनचं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर लटकते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. फाँट बदलून काही होत नाही. पॅराग्राफच्या पॅनेलमध्ये कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ करावा लागतो. तोच कंपोझर स्टाइलमध्ये बसवून टाकला नाही तर मुख्य मजकूर सुधारतो आणि फोटोओळी, तळटीपा तशाच राहतात. प्रिव्ह्यू बघताना आमची नजर मोठ्या अक्षरांवर असते, म्हणून मी फोटोओळींपासून सुरुवात करतो.

आणि ल, श. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही आहेत. पुष्कळ युनिकोड फाँटांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात. कुठलं उमटायचं ते मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं. लेखाला भाषा मराठी आणि शीर्षकाला हिंदी लागली की एकाच पानावर दोन तऱ्हेचे ल दिसतात. याला चूक म्हणणारे आता कमी आहेत. मला ती डोळ्यात खुपते, आणि मी ती दुरुस्त केल्याशिवाय प्लेट काढत नाही.

बाकीच्या तक्रारी भरभर सांगतो. सावली दिलेल्या चित्राभोवती पांढऱ्या केसासारख्या रेघा दिसतात. झूम करूनही त्या तेवढ्याच बारीक राहिल्या तर बहुतेक वेळा तो पडद्याचा भास असतो, पारदर्शकता सपाट करताना चित्राचे तुकडे पडतात त्याच्या त्या शिवणी. पीडीएफ-एक्स-४ मध्ये पारदर्शकता जिवंत राहते, तिथे हा त्रास नाही. उलट ‘एन्हान्स थिन लाइन्स’ चालू असेल तर अगदी नाजूक रेघ प्रिव्ह्यूमध्ये जाड दिसते आणि कागदावर पुसट होते. ती सोय बंद करावी आणि पाव पॉइंटपेक्षा बारीक रेघ ठेवू नये. रिपमधून निघालेली एक-बिटची फाइल लांबून बघितली की जाळीदार लहरी दिसतात. नवखा ऑपरेटर घाबरतो. २४०० डीपीआयचे ठिपके पडद्यावर मावत नाहीत म्हणून तसं दिसतं. शंभर टक्क्यांवर, ठिपक्यास ठिपका बघितलं की लहर जाते. तरीही राहिली तर मात्र स्क्रीनचे कोन तपासायचे. सोनेरी रंगाला दोन चित्रांत दोन नावं असली की पाचच्या जागी सहा प्लेटा दिसतात. शायांची यादी वाचली की हे लगेच सापडतं. आणि शाईची बेरीज: आर्टपेपरवर तीनशे टक्क्यांच्या आसपास, न्यूजप्रिंटवर दोनशे चाळीसच्या आत. वर गेली तर पावसाळी हवेत कागद वाळत नाही आणि एका पानाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते.

रंगाबद्दल वाद घालण्याआधी खोलीतला दिवा बघावा. पिवळ्या बल्बखाली बघितलेलं प्रूफ आणि निळसर पडदा यांची तुलना होऊच शकत नाही. पाच हजार केल्व्हिनचा दिवा महाग नाही.

दिवाळी अंकाच्या कामात हे सगळं मी जास्त जिवाला लावून घेतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांना एकच मुहूर्त असतो. पुस्तक पंधरा दिवसांनी पुन्हा छापता येतं. भाऊबीज झाल्यावर दिवाळी अंक पुन्हा कोण छापणार? त्या तांबड्या कव्हरवरच्या चौघांपैकी एकाचं ते पहिलंच छापून आलेलं लेखन होतं, हे मला नंतर कळलं.

आता शेवटचा प्रिव्ह्यू मी एकटा बघत नाही. मुलुंडहून एक निवृत्त शिक्षिका मुद्रितशोधनाला येतात. त्यांना सॉफ्टवेअर येत नाही आणि यायची गरजही नाही. मी रिपमधलं पान उघडून देतो, सायन, मॅजेंटा, पिवळा काढतो आणि नुसती काळी प्लेट ठेवतो. चित्रं बरीच फिकी पडतात, पानावर मराठी तेवढी उरते. त्या पट्टी धरून ओळ न् ओळ वाचतात. परवा त्यांनी चौसष्टाव्या पानावर बोट ठेवलं. ‘सुर्‍या’ हवं होतं, तिथे ‘सुर्या’ झालं होतं. मी फाइल परत उघडली, शब्द दुरुस्त केला, शेजारच्या पानांवरचे आणखी दोन सापडले, पुन्हा रिप केलं. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘‘परत पहिल्या ओळीपासून दाखवा.’’