हॅम रेडिओ शिकताना (भाग ९) : एफटी-८साठी रेडिओ आणि संगणकाची जोडणी

गेल्या आठवड्यात आपण मोर्सपासून डिजिटल पद्धतींपर्यंत आलो. परवाना आणि कॉल साइन हाती आहे, टेबलावर एचएफ ट्रान्सीव्हर आहे आणि गच्चीवर डायपोल ताणलेला आहे, असं धरून आज संगणक जोडायला घेऊ. सॉफ्टवेअर आहे डब्ल्यूएसजेटी-एक्स आणि पद्धत एफटी-८.

या सॉफ्टवेअरचे जनक जो टेलर हे प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ. जोडपल्सारच्या शोधासाठी त्यांना आणि रसेल हल्स यांना १९९३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गोंगाटात बुडालेले क्षीण संकेत वेचून काढणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. तेच कसब त्यांनी २००१पासून हॅम मंडळींना मोफत दिलं. २०१७ साली स्टीव्ह फ्रँक यांच्यासोबत त्यांनी एफटी-८ आणली.

एफटी-८मध्ये एक संदेश फक्त ७७ बिटांचा असतो. चुका ओळखणारे आणि दुरुस्त करणारे बिट धरून तो १७४ बिटांचा होतो. हे बिट आठ स्वरांच्या साहाय्याने १२.६४ सेकंदांत पाठवले जातात आणि सगळा संकेत ५० हर्ट्झमध्ये मावतो. सॉफ्टवेअर संकेताची तुलना मात्र २५०० हर्ट्झमधल्या गोंगाटाशी करतं. म्हणून गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतका, म्हणजे उणे २० डेसिबलचा संकेतही वाचता येतो.

१४.०७४ मेगाहर्ट्झवर जगभरची केंद्रं जेमतेम ३ किलोहर्ट्झच्या पट्टीत एकमेकांना खेटून बसलेली असतात. तिथे एकाची मांडणी बिघडली की त्रास सगळ्यांना होतो. आजच्या साऱ्या सूचनांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. नीट जोडणी ही आपल्या सोयीची बाब आहेच, पण त्याआधी ती शेजारधर्माची आहे.

जोडणी

आयकॉम आयसी-७३००सारख्या नव्या रिगमध्ये साउंड कार्ड आतच असतं, त्यामुळे एक यूएसबी केबल पुरते. केबल लावण्याआधी कंपनीचा ड्रायव्हर टाकून घ्यावा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा क्रमांक दिसेल आणि ध्वनीच्या यादीत ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ येईल. जुन्या रिगला वेगळा साउंड कार्ड इंटरफेस लागतो.

विंडोजचा नेहमीचा आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरवर ठेवा. नाहीतर ईमेल आल्याची घंटी तुमच्या अँटेनावरून बाहेर पडेल.

आता सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये चला. ‘जनरल’मध्ये कॉल साइन आणि ग्रिड, म्हणजे आपल्या ठिकाणाचा संकेतांक, लिहा. पुण्याचा ग्रिड एमके६८, पणजीचा एमके६५, कोल्हापूरचा एमके७६. मुंबईकरांनी नकाशा पाहूनच लिहावं. १९ अंश अक्षांशाची रेषा शहरातूनच जाते, त्यामुळे कुलाबा एमके६८मध्ये येतं आणि अंधेरी एमके६९मध्ये. ‘रेडिओ’मध्ये रिगचं मॉडेल, कॉम पोर्ट आणि बॉड रेट निवडा. बॉड रेट रिगच्या मेनूत आहे तोच हवा. ‘टेस्ट कॅट’ हिरवं झालं की संगणक आणि रिग यांचं बोलणं सुरू झालं. ‘टेस्ट पीटीटी’ तपासताना रिगला डमी लोड लावलेला असावा.

त्याच पानावर ‘स्प्लिट ऑपरेशन’ असतं. तिथे ‘रिग’ किंवा ‘फेक इट’ निवडा. ८०० हर्ट्झचा स्वर जोरात पाठवला की त्याची १६०० हर्ट्झची हार्मोनिकही रिगच्या फिल्टरमधून सुटते आणि दुसऱ्याच्या जागेवर बसते. हा पर्याय स्वर १५०० ते २००० हर्ट्झच्या दरम्यान ठेवतो. मग हार्मोनिक ३००० हर्ट्झपासून पुढे पडते आणि फिल्टर ती अडवतो.

आवाजाची पातळी

ऐकताना बँडवर नुसता गोंगाट असेल, तेव्हा डाव्या कोपऱ्यातली पट्टी ३० डेसिबलच्या आसपास असावी. पाठवताना स्पीच कॉम्प्रेसर बंद ठेवा. डमी लोडवर ‘ट्यून’ दाबा आणि ‘पॉवर’ची सरकपट्टी तळापासून हळूहळू वर न्या. एएलसीचा (शक्ती आपोआप मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचा) काटा हलू लागला की पट्टी खाली आणा आणि काटा शांत झाला की थांबा. एएलसी जोरात चालू लागली तर संकेत पसरतो. एफटी-८मध्ये १२.६४ सेकंद पूर्ण शक्ती सलग वाहते, बोलण्यासारखी उसंत मिळत नाही. म्हणून १०० वॅटची रिग ३० ते ५० वॅटवरच चालवावी.

घड्याळ

नवशिक्यांची गाडी सर्वाधिक अडते ती इथे. प्रत्येक पाळी ००, १५, ३० आणि ४५व्या सेकंदाला सुरू होते. संगणकाचं घड्याळ काही सेकंदांनी चुकलं, तर वॉटरफॉलवर, म्हणजे संकेतांच्या सरकत्या चित्रावर, संकेत ठळक दिसत असूनही एकही ओळ वाचली जात नाही. इंटरनेटवरून वेळ वारंवार जुळवणारा एनटीपी प्रोग्रॅम बसवून टाका. ‘डीटी’ हा वेळेतला फरक दाखवणारा रकाना तुमचा पहारेकरी आहे. बहुतेक केंद्रांसमोर तिथे शून्याच्या जवळचे आकडे दिसले पाहिजेत. सगळ्यांसमोर एकसारखाच मोठा आकडा दिसत असेल, तर चूक त्यांची नाही, आपल्या घड्याळाची आहे.

आधी ऐका

रिग यूएसबी-डेटा मोडवर (इथे यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड), फिल्टर रुंद, वारंवारता १४.०७४ किंवा रात्री ७.०७४. ‘मॉनिटर’ चालू करा आणि पाहत राहा. लॅपटॉपचा चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर एकेक बंद करून वॉटरफॉल किती स्वच्छ होतो ते तपासा. घरातला गोंगाट कमी करण्याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय दुसरा नाही. पाठवताना कॅटचा संपर्क तुटत असेल, तर यूएसबी केबल आखूड घ्या आणि तिच्यावर फेराइटचे मणी चढवा.

उत्तर देण्याआधी वॉटरफॉलवर मोकळी जागा शोधा, तिथे स्वर ठेवा आणि ‘होल्ड टीएक्स फ्रीक्वेन्सी’वर खूण करा. सीक्यू देणाऱ्याच्याच स्वरावर सगळे तुटून पडले, तर त्याला कोणालाही वाचणं अवघड जातं. पुढचा क्रम सॉफ्टवेअर सांभाळतं : ग्रिड, संकेताचा अहवाल, पोच आणि शेवटी ७३. तरीही खुर्चीत माणूस हवा, कारण केंद्राची जबाबदारी परवानाधारकाची आहे.

या आठवड्याचा अभ्यास : प्रसारण न करता सकाळी, दुपारी आणि रात्री अर्धा-अर्धा तास ऐका. कोणत्या वेळी कोणत्या बँडवर कोणते देश वाचले गेले, हे वहीत लिहा. ही वही तुमच्या अँटेनाचा आणि तुमच्या आकाशाचा खरा स्वभाव सांगेल. पुढच्या भागात ती समोर ठेवूनच आयनोस्फिअर समजून घेऊ आणि मग पहिला सीक्यू कधी व कुठल्या बँडवर द्यायचा ते ठरवू.