वापरलेली मोटार वार्षिक तपासणीत कितपत टिकते?

तालुक्याच्या गावी एखाद्या शिक्षकाने, ग्रामसेवकाने अथवा पंचायत समितीच्या सदस्याने कुटुंबासाठी मोटार घ्यावयाचे ठरविले की ती बहुधा वापरलेलीच असते. सात-आठ वर्षे जुनी, एक-दोन मालकांच्या हातून गेलेली. खरेदीच्या वेळी रंग पाहिला जातो, इंजिनाचा आवाज ऐकला जातो, मीटरवरील किलोमीटरचा आकडा विचारला जातो आणि एका लिटरमध्ये मोटार किती धावते याची चौकशी होते. ओळखीचा मेकॅनिक सोबत असला तर तो बॉनेट उघडून मान डोलावतो. या सर्व व्यवहारात एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : ही मोटार रस्त्यावर चालविण्यास सुरक्षित आहे, असे या खरेदी-विक्रीशी संबंध नसलेल्या कोणा जाणकाराने अलीकडे तपासून सांगितले आहे काय?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थीच द्यावे लागते, आणि त्यात मालकाचा दोष नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ती मुदत संपल्यावर मोटार प्रथमच तपासणीसाठी न्यावी लागते आणि ती योग्य ठरल्यास नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मधल्या काळात पीयूसी प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण त्याचा संबंध केवळ धुराशी असतो. मालकी बदलताना नमुना २९ व ३० भरून द्यावे लागतात, विमा आणि पीयूसी पाहिले जाते. ब्रेक पाहिले जात नाहीत. टॅक्सी, मालमोटार, बस अशा परिवहन वाहनांची गोष्ट वेगळी. त्यांना योग्यता प्रमाणपत्र सक्तीचे असून वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नव्याने घ्यावे लागते.

म्हणूनच खासगी कुटुंबाच्या मोटारीचीही दरवर्षी तपासणी घेणाऱ्या देशाचा अनुभव पाहणे उद्बोधक ठरेल. असा दीर्घ अनुभव ब्रिटनजवळ आहे आणि त्याची आकडेवारी सर्वांना खुली आहे.

साठ वर्षांहून जुनी परीक्षा

ब्रिटनमधील ही तपासणी 'एमओटी' या नावाने ओळखली जाते. ज्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले ते मंत्रालय त्या नावाने आता अस्तित्वात नाही; परीक्षेला मात्र तेच नाव चिकटून राहिले. १९५६ च्या रस्ते वाहतूक कायद्याने तिला आधार दिला आणि १९६० मध्ये ती सुरू झाली. आरंभी दहा वर्षांहून जुन्या मोटारींचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच तपासले जाई. परंतु त्या पहिल्याच फेरीत इतक्या मोटारी नापास झाल्या की १९६१ मध्ये वयाची अट सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणण्यात आली. तेव्हापासून मोटारीला तीन वर्षे पूर्ण झाली की पहिली तपासणी आणि मग दरवर्षी एक, असा शिरस्ता आहे. उत्तर आयर्लंडमध्ये पहिली तपासणी चौथ्या वर्षानंतर होते. जर्मनीत पहिली तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते.

काळाच्या ओघात परीक्षेचा अभ्यासक्रम वाढत गेला. १९६८ मध्ये टायर आले, १९७७ मध्ये वायपर, इंडिकेटर, हॉर्न आणि सांगाड्याची स्थिती आली, १९९१ मध्ये पेट्रोल इंजिनाचा धूर आला. २०१८ पासून दोषांची प्रतवारी होते. किरकोळ दोषाची नोंद होऊन मोटार उत्तीर्ण होते, मोठा दोष असल्यास ती अनुत्तीर्ण ठरते आणि दोष धोकादायक असल्यास दुरुस्ती झाल्याखेरीज ती रस्त्यावर आणता येत नाही.

यांतील ब्रेकची चाचणी कशी होते हे जाणून घेण्यासारखे आहे. मोटारीची चाके फिरत्या रुळांवर ठेवून ब्रेक दाबला जातो आणि प्रत्येक चाक किती जोराने रोखले गेले हे यंत्र दाखविते. चारही चाकांच्या जोराची बेरीज मोटारीच्या वजनाच्या किती टक्के भरते, यावरून ब्रेकची कार्यक्षमता ठरते. सप्टेंबर २०१० नंतर रस्त्यावर आलेल्या मोटारींना ५८ टक्के, त्यापूर्वीच्या बहुतेक मोटारींना ५० टक्के ही किमान मर्यादा आहे. शिवाय पुढच्या दोन चाकांच्या जोरात ३० टक्क्यांहून अधिक तफावत असेल तरी मोटार नापास होते. कारण अशी मोटार अचानक ब्रेक दाबताच एका बाजूला ओढली जाते. पायाखाली ब्रेक 'चांगला लागतो' असे वाटणाऱ्या चालकाला ही तफावत ओल्या रस्त्यावर येईपर्यंत कळत नाही.

दहांपैकी तीन

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अलीकडच्या वर्षांत ब्रिटनमध्ये तपासणीस येणाऱ्या मोटारींपैकी पहिल्या प्रयत्नात नापास होणाऱ्यांचे प्रमाण दहांत सुमारे तीन असे आहे. वर्षाला कोट्यवधी मोटारी तपासणाऱ्या आणि रस्ते उत्तम असलेल्या देशातील हे प्रमाण आहे, हे ध्यानात घ्यावे. यातील बऱ्याचशा मोटारींचा दोष एखादा दिवा बदलून तासाभरात दूर होतो व त्या तिथल्या तिथे उत्तीर्ण ठरतात. म्हणून अंतिम नापासांचे प्रमाण पहिल्या आकड्याहून कमी असते. आकडे वाचताना हा भेद न पाळल्यास गैरसमज होतो.

नापास होण्याची कारणे पाहिली तर आश्चर्य वाटते. सर्वांत वरचा क्रमांक इंजिनाचा नव्हे, तर दिव्यांचा आहे. त्यामागोमाग सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर येतात. ब्रेकचा दिवा लागत नाही, पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली आहे, बुश झिजला आहे, शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळते आहे, अशी ही यादी आहे. यातील बरेचसे दोष मालकाला आदल्या दिवशी अंगणात, दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबावयास सांगून अथवा टायरपाशी उकिडवे बसून, स्वतःच पाहता आले असते. वर्षभरात कोणी तेवढेही पाहिलेले नसते आणि परीक्षेची तारीख जवळ आली की पाहिले जाते, हेच या परीक्षेचे खरे महत्त्व असावे असे वाटते.

गंजाचे स्वतंत्र प्रकरण आहे. थंडीत बर्फ वितळविण्यासाठी ब्रिटनच्या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मोटारीच्या तळाला खाते. स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक अथवा सीटबेल्ट ज्या ठिकाणी सांगाड्याला जोडलेले असतात, त्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर मोटार नापास होते. दरवाजाचा पत्रा गंजला तर ती केवळ कुरूप दिसते; तो दोष मानीत नाहीत. आपल्याकडे बर्फ नाही, पण कोकण किनाऱ्यावरील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तेच काम करतो. रत्नागिरी वा सिंधुदुर्गात वापरलेली मोटार घेताना वरचा नवा रंग पाहण्यापेक्षा तिच्याखाली बॅटरी घेऊन वाकणे श्रेयस्कर.

वयाचा परिणाम मोठा आहे. पहिल्या तपासणीस आलेल्या तीन वर्षांच्या मोटारींच्या तुलनेत बारा वर्षांच्या मोटारींत नापास होणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक असते. पण कोणत्या कंपनीची मोटार अधिक उत्तीर्ण होते, असे कोणी विचारले तर उत्तर सावधपणे द्यावे लागते. वर्षाला पाच हजार किलोमीटर धावणारी, निवृत्त गृहस्थाची मोटार आणि टॅक्सी म्हणून दिवसरात्र फिरणारी मोटार एकाच बनावटीच्या आणि एकाच वयाच्या असल्या तरी त्यांची तुलना कशी करावयाची? एखाद्या प्रकारच्या मोटारी प्रामुख्याने टॅक्सीचालकांनीच घेतल्या असतील, तर तिचा निकाल वाईट दिसेल आणि दोष मात्र कारखान्याच्या माथी बसेल. बनावटीमुळे फरक पडतच नाही असे नव्हे. परंतु वय, अंतर आणि निगा यांच्यापुढे तो दुय्यम ठरतो.

प्रमाणपत्र काय सांगत नाही

उत्तीर्ण मोटार म्हणजे चांगली मोटार, हा समज ब्रिटनमध्येही आढळतो. वास्तविक या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची प्रकृती पाहिली जात नाही. कोणताही भाग खोलला जात नाही. तासाभरात डोळ्यांना, हातांना आणि यंत्रांना जे कळेल तेवढेच. दुसरे असे की प्रमाणपत्राची मुदत बारा महिन्यांची असली तरी ते साक्ष देते ती केवळ तपासणीच्या दिवसाची. सोमवारी उत्तीर्ण झालेल्या मोटारीचा दिवा मंगळवारी जाऊ शकतो.

या व्यवस्थेतील दुखणीही लपलेली नाहीत. ब्रिटनमध्ये बहुतेक तपासण्या अधिकृत मान्यता मिळालेल्या खासगी गॅरेजांत होतात. म्हणजे दोष दाखविणारा आणि तो दुरुस्त करून पैसे घेणारा पुष्कळदा एकच असतो. उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी केंद्रेच तपासणी करतात. तेथे २०२० च्या जानेवारीत मोटारी उचलणाऱ्या लिफ्टनाच तडे गेल्याचे आढळून आले आणि मोटारींच्या तपासण्या थांबवाव्या लागल्या. तपासणाऱ्याची तपासणी कोणी करावी, हा प्रश्न दोन्ही पद्धतींत उरतोच.

तथापि त्या व्यवस्थेचा एक भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. २००५ पासून निकाल संगणकावर नोंदले जाऊ लागले आणि आज कोणीही मोटारीचा क्रमांक देऊन तिचा पूर्वेतिहास पाहू शकतो : कोणत्या वर्षी कशात नापास झाली, कोणत्या टायरबद्दल 'झिजत आला आहे' अशी सूचना देण्यात आली होती, आणि प्रत्येक तपासणीच्या दिवशी मीटरवर किती आकडा होता. मीटर मागे फिरवून मोटार विकणाऱ्याची यामुळे पंचाईत होते. गिऱ्हाईक मोटार पाहावयास जाण्यापूर्वीच तिची प्रगतिपुस्तिका वाचून येते.

पांढऱ्या पाटीची मोटार

आपल्याकडेही वाहनाचा क्रमांक देऊन नोंदणी, विमा आणि पीयूसीची माहिती मोबाइलवर मिळू शकते. मात्र एक खुलासा आवश्यक आहे. खासगी मोटारीच्या नोंदीत योग्यतेची म्हणून जी तारीख दिसते ती नोंदणीच्या पंधरा वर्षांची मुदत होय. २०१९ च्या मोटारीसमोर २०३४ हे साल दिसले म्हणून कोणा निरीक्षकाने ती मोटार तपासली आहे असा अर्थ होत नाही. नवी असताना नोंदणी झाली, त्यानंतर कोणीही पाहिलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

ही बाब कुटुंबापुरती राहिली असती तर एवढे विवेचन करण्याची गरज नव्हती. पण अनेक गावांत अशाच आठ-दहा वर्षे जुन्या, पांढऱ्या पाटीच्या मोटारी सकाळ-संध्याकाळ शाळेच्या मुलांना ने-आण करताना दिसतात. सहा जणांच्या जागेत बारा मुले आणि टपावर दप्तरे. भाडे घेऊन अशी वाहतूक करणे कायद्याला धरून नाही आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाईही अडचणीत येते. त्याहून गंभीर गोष्ट ही की मुलांना नेणारी नोंदणीकृत स्कूलबस ठराविक मुदतीने निरीक्षकासमोर उभी राहते, ही मोटार कधीच उभी राहत नाही. तिच्या पुढच्या दोन चाकांचे ब्रेक सारख्या जोराने लागतात किंवा नाही, हे कोणालाही माहीत नसते. चालकालाही नाही.

राज्यात २०११ पासून स्कूलबससाठी स्वतंत्र नियम लागू असून त्यानुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असावयास हवी. या समितीला यंत्रज्ञान अवगत असण्याची गरज नाही. वाहनाची पाटी पिवळी आहे काय, योग्यता प्रमाणपत्राची मुदत कोणत्या तारखेस संपते, या दोन गोष्टी विचारल्या तरी पुष्कळ उलगडा होतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. '३२१६' असे असल्यास तो टायर २०१६ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसली तरी इतक्या जुन्या टायरचे रबर कडक होऊन त्याला भेगा पडू लागलेल्या असतात. चालकाने हॅन्डब्रेक ओढून चढावर मोटार उभी करून दाखवावी, मागे कोणी उभे राहून ब्रेकचे दोन्ही दिवे लागतात का ते सांगावे. शाळेच्या फाटकापाशी, मुले उतरल्यावर, या सगळ्याला दहा मिनिटे लागतात.