पुस्तकांच्या गावी दोघंच

‘‘पुस्तकंच वाचायची तर घर काय वाईट आहे?’’ वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता हे म्हणाले. आमच्या लग्नाच्या बाराव्या वाढदिवसाचा विषय निघाला होता तेव्हाची ही गोष्ट.

आता मैत्रिणींनो, घरात वाचायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे दीड पान. मग दूध, मग बेल, मग ‘‘आई, माझी भूमितीची वही कुठाय?’’ रात्री पुस्तक उघडावं तर ते नाकावर पडून जाग येते. त्यातून मी सकाळी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. म्हणजे इतरांच्या मुलांना पुस्तकांची गोडी लावायची आणि आपण स्वतः मात्र वह्या तपासायच्या!

गेली दोन-तीन वर्षं भिलारबद्दल ऐकत होते. पाचगणीपासून थोड्याच अंतरावरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर हे-ऑन-वाय नावाचं जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव आहे. तिथल्या रिचर्ड बूथ नावाच्या विक्षिप्त पुस्तकवाल्यानं १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला त्या गावाचा राजा म्हणून जाहीर केलं होतं. त्या गावावरून आपल्या सरकारनं कल्पना घेतली आणि ४ मे २०१७ रोजी भिलार हे ‘पुस्तकांचं गाव’ झालं. फरक एवढाच की तिकडे पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथं पुस्तकं लोकांच्या घरात आहेत. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं ठेवली होती. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी संतसाहित्य, कुठे दिवाळी अंक, कुठे मुलांची पुस्तकं. चपला काढायच्या, आत जायचं, हवं ते पुस्तक घेऊन बसायचं. पैसे नाहीत. आणि काही घरांत राहायची-जेवायचीही सोय होते. वाढदिवसाला हॉटेलातल्या लाल मेणबत्त्यांपेक्षा मला हे बरं वाटलं.

हे तयार झाले ते सासूबाईंमुळे. मी भीतभीतच विचारलं होतं, कारण त्यांचे गुडघे दुखतात आणि मुलं दोन. त्या म्हणाल्या, ‘‘जा गं. आम्ही दोघं कधी जेजुरीच्या पुढे गेलो नाही, आणि जेजुरीलासुद्धा बरोबर अकरा माणसं होती.’’

निघण्याआधीचे दोन दिवस कसे गेले ते सांगत नाही. एकच सांगते. दोन दिवसांची भाजी चिरून, डबे भरून, प्रत्येकावर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या मी, आणि परत आल्यावर कळलं की दोन्ही रात्री मुलांनी आजीकडून थालीपीठं करून घेतली. माझे डबे जसेच्या तसे. तेव्हा एवढा जीव काढू नका.

आम्ही कराडहून निघालो. सातारा, पाचवड, वाई. वाईला सगळे ढोल्या गणपतीसाठी उतरतात. पण मराठी विश्वकोशाचं काम याच गावात बसून झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते उभं केलं आणि १९७६ मध्ये पहिला खंड निघाला. हे सगळं मी ह्यांना बसमधे सांगत होते. हे हूं हूं करत मोबाइलवर बँकेचे निरोप वाचत होते. मग पसरणीचा घाट लागला आणि मी गप्प बसले.

आम्ही उतरलो ते घर आत्मचरित्रांचं होतं. बाहेरच्या खोलीत काचेची कपाटं, दोन खुर्च्या, एक झोपाळा. बाजूला वावर, त्यात गादीवाफ्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला आणि कागदातून डोकं काढणारी स्ट्रॉबेरी. फेब्रुवारी होता, फळ भरात होतं. घरच्या वहिनींनी चहा आणला आणि म्हणाल्या, ‘‘बसा निवांत. कुणी उठवायचं नाही तुमाला.’’ बारा वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं!

मी रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ काढलं. १९१० सालचं पुस्तक. बी.ए.ला असताना त्यावर टीप लिहिली होती, म्हणजे वाचलं नव्हतंच. १८७३ मध्ये अकरा वर्षांची रमा एकतीस वर्षांच्या माधवरावांच्या घरात आली. माधवराव सुधारक. त्यांनी विधवेशी लग्न करावं अशी सगळ्यांची अपेक्षा, पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली. मग या अक्षरशत्रू मुलीला त्यांनी स्वतः शिकवायला घेतलं, आणि तिनं पाटी धरली म्हणून घरातल्याच बायकांनी तिला टोमण्यांनी भाजून काढलं. बाईसाहेबांनी ते ऐकत ऐकत इंग्रजीसुद्धा शिकून घेतलं.

अर्ध्या तासानं हे म्हणाले, ‘‘चल, टेबललँड बघून टाकू.’’

बघून टाकू! जणू विजेचं बिल भरायचं होतं. मी म्हटलं, ‘‘मी बसते.’’

‘‘वाढदिवस आपला आणि मी एकट्यानं फिरू?’’

‘‘मग तुम्हीही बसा.’’

ते एकटेच गेले. बारा वर्षांत असं प्रथमच घडलं. खरं सांगू? पहिली पंधरा मिनिटं एक ओळ डोक्यात शिरेना. उठून मागे धावावं असं वाटलं. मग वाटलं, बोलण्यासारखं राहिलंय काय आपल्यात? हप्ता, गॅस, मुलांच्या फिया, आईंची औषधं. यातलं काही नसलं की आम्ही दोघं बसस्टँडवरच्या अनोळखी माणसांसारखे घड्याळ बघतो. पण मागे गेले नाही. संध्याकाळ झाली, वहिनींनी दिवा लावला, आणि मी साठ-सत्तर पानं ओलांडली होती.

वहिनींना विचारलं, तुम्ही वाचता का हो यातलं? त्या हसल्या. ‘‘आदी वाटायचं, लोकं पुस्तकं वाचाया इथवर कशाला यील? आता दुपारी पडल्या पडल्या हुतात दोन पानं. पन पाव्हणं आलं की बंद.’’ म्हणजे माझी दोन पानं व्हावीत म्हणून त्यांची दोन पानं बुडत होती. रात्री त्यांच्या हातची पिठलं-भाकरी खाताना ते मनातून जाईना. ताटं उचलू लागले तर त्यांनी उचलू दिली नाहीत. हे फुगलेलेच होते. येताना पाचगणीहून भाजके चणे आणले होते, ते न बोलता माझ्या पुढ्यात ठेवले आणि झोपले.

सकाळी जाग आली तर शेजारी हे नाहीत. बाहेर आले तर अंगावर माझी शाल घेऊन ओट्यावर बसलेले, हातात रमाबाई. माझी खूण होती त्याच्या बऱ्याच पुढे गेले होते.

‘‘अगं, त्या घरातल्या बायका एवढ्या का छळायच्या हिला?’’

‘‘शिकत होती म्हणून.’’

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, ‘‘मी तुला कधी छळलं नाही.’’

‘‘नाही. तुम्ही फक्त ‘बघू’ म्हणालात.’’

हे सांगायला हवं. मागच्या वर्षी मी बी.एड. करायचं म्हणत होते. नुसत्या बी.ए.वर तासिकेच्या पुढे जाता येत नाही. मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत, आणि जूनमधे पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नाही. हे ‘बघू’ म्हणाले आणि विषय फ्रीजवरच्या जुन्या कॅलेंडरासारखा तिथंच राहिला. भांडण झालं असतं तर बरं. ‘बघू’शी भांडता येत नाही.

ओट्यावर मात्र भांडलो, चांगले तासभर. आवाज चढले तसे वहिनी आत निघून गेल्या. हे म्हणाले, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आईंचे गुडघे, थोरली आता सातवीत, वेळ कुठून आणशील? मी म्हटलं, तो माझा प्रश्न. तुम्ही संध्याकाळी साडेसातला येता ते साडेसहाला आलात तर एक तास तिथंच सापडेल. ते म्हणाले, फी? मी म्हटलं, माझ्या पाटल्या आहेत. पाटल्यांचं नाव काढल्यावर ते एकदम उठून उभे राहिले. पुन्हा बसले. बँकेतला माणूस, खिशातून पेन काढलं आणि चण्यांच्या पुडीच्या कागदावर हिशोब मांडला. पाटल्या न मोडता कसं बसेल ते मांडत राहिले. बसलं नाही. दुसऱ्या वर्षाचे पैसे कमीच पडत होते. पण बारा वर्षांत आमच्या घराच्या हिशोबात माझ्या नावाची ओळ मी पहिल्यांदा बघितली.

मग गरम भाकरी आली. दुपारी आम्ही दोघंही झोपाळ्यावर, एकेक पुस्तक घेऊन. मी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढलं होतं. त्यांना वाचायला नवऱ्यानंच शिकवलं, तोच नवरा न सांगता घरातून निघून जायचा, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, आणि पुढे पाचेक वर्षं दोघं वेगळी राहिली. अशा माणसाबद्दल ही बाई इतकं हसत हसत लिहिते! एका ठिकाणी मी मोठ्यानं हसले तर हे ‘‘काय, काय?’’ करत वाकून वाचायला लागले. ‘आहे मनोहर तरी’ मी दोनदा हातात घेतलं आणि परत ठेवलं. वाढदिवसाला सुनीताबाई नकोत, त्या फार खरं बोलतात.

कुणी जाणार असाल तर दोन गोष्टी. मुक्काम फोनवर आधी ठरवा, पुस्तकांच्या सगळ्याच घरी राहता येत नाही. स्वेटर घ्या, फेब्रुवारीतसुद्धा पहाट चांगलीच बोचरी असते. पुस्तकं तिथंच वाचायची, बरोबर आणायची नाहीत. आणि शेवटच्या दिवशी दुपारी लवकर निघा, म्हणजे घरच्या बाईला तिची दोन पानं मिळतील.

स्ट्रॉबेरी घरी येईपर्यंत अर्धी चेपली, तिचा मुरांबा केला. बी.एड.च्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज ह्यांनीच बसून भरला, आणि पासवर्ड दुसऱ्याच दिवशी विसरले. परीक्षा व्हायची आहे, दुसऱ्या वर्षाचे पैसे अजून बसलेले नाहीत.

‘स्मृतिचित्रे’ अर्धवट राहिलं होतं, ते ह्यांनी आमच्या वाचनालयातून आणलं. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रात्री जेवणानंतर ते मोठ्यानं वाचतात. परवा टिळक पुन्हा एकदा न सांगता कुठेसे निघून गेले, तेव्हा सासूबाई इतक्या चिडल्या की म्हणाल्या, ‘‘थांब जरा. परत आला की आधी त्याला जेवायला घालते का ते वाच.’’